रविवारची रात्र, तीन मुली आणि पहिला नंबर

डेट्रॉइटच्या गरीब वस्तीतल्या तीन मुलींनी अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत बारा वेळा पहिला नंबर पटकावला. त्यामागे गळा होता, मेहनत होती आणि टीव्हीचा पडदाही होता. या पडद्याने त्यांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, त्याची ही हकिगत.

बिनाका गीतमाला ऐकत वाढलेल्या पिढीला गाण्याचा ‘पहिला नंबर’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. १९५२ साली रेडिओ सिलोनवर हा कार्यक्रम सुरू झाला. पुढे अमीन सयानींच्या आवाजाबरोबर एकेक पायरी चढत आज सर्वांत वर कोणते गाणे, हे ऐकायला घरोघरी माणसे रेडिओभोवती बसू लागली. अमेरिकेत हे काम ‘बिलबोर्ड’ नावाचे साप्ताहिक करीत असे. १९५८ पासून ते ‘हॉट हंड्रेड’ ही शंभर गाण्यांची यादी छापू लागले. रेकॉर्डची दुकाने खप कळवत, रेडिओ केंद्रे कोणती गाणी वाजवली ते कळवत आणि त्यावरून गाण्यांची उतरंड लागे.

१९६४ ते १९६९ या काळात ‘सुप्रीम्स’ नावाचा तीन मुलींचा गट या उतरंडीच्या टोकावर बारा वेळा पोचला. त्या दशकात अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही गायनगटाला ही मजल गाठता आली नाही. या तिघी ‘सोल’ गाणाऱ्या होत्या. चर्चमधल्या भक्तिगीतांची आर्तता आणि कृष्णवर्णीयांच्या ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’चा ठेका यांच्या संगमातून सोल संगीत जन्मले. हे संगीत गोऱ्या अमेरिकेच्या दिवाणखान्यात शिरले, त्यात टीव्हीचा वाटा मोठा होता. मात्र टीव्हीवर झळकल्या आणि रातोरात प्रसिद्ध झाल्या, इतकी ही गोष्ट सरळ नाही.

पाच वर्षांची उमेदवारी

फ्लॉरेन्स बॅलार्ड, मेरी विल्सन आणि डायना रॉस या डेट्रॉइटच्या सरकारी घरकुलांच्या वस्तीत वाढलेल्या मुली. १९५९ साली, शाळकरी वयातच त्यांनी आणखी एका मुलीबरोबर गट बांधला. नाव ‘प्राइमेट्स’. गावात तेव्हा बेरी गॉर्डी नावाच्या तरुणाने मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली होती. पूर्वी मोटारीच्या कारखान्यात काम केलेल्या गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन हा उद्योग मांडला होता. त्याने मुलींना आधी शाळा पुरी करा, असे सांगितले. मुली ऐकतात कुठल्या! शाळा सुटली की त्या मोटाऊनच्या दारात हजर. कोणाच्या गाण्यात टाळ्या वाजव, कोणाच्या मागे सूर धर, असे करत त्या तिथल्याच होऊन गेल्या. जानेवारी १९६१ मध्ये करार झाला आणि गटाला नवे नाव मिळाले, सुप्रीम्स. ते नाव फ्लॉरेन्सने निवडले होते. पुढे चौथी जागा रिकामी झाली आणि गट तिघींचा उरला.

नावाप्रमाणे यश मात्र येईना. एकामागून एक रेकॉर्ड निघे आणि पडे. मोटाऊनमधले सहकारी थट्टेने त्यांना ‘नो-हिट सुप्रीम्स’ म्हणू लागले. १९६३ च्या अखेरीस निघालेले एक गाणे तेविसाव्या क्रमांकापर्यंत गेले, तेवढाच दिलासा.

जून १९६४ मध्ये ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ ही रेकॉर्ड निघाली. तिघींना हे गाणे मुळीच आवडले नव्हते. त्या उन्हाळ्यात त्या डिक क्लार्कच्या फिरत्या जलशाबरोबर बसने गावोगाव हिंडत होत्या. जलसा निघाला तेव्हा जाहिरातीत त्यांचे नाव पार तळाशी होते. गावे मागे पडत गेली, गाणे रेडिओवर वाजत गेले, टाळ्या वाढत गेल्या आणि परतेपर्यंत नाव सर्वांत वर आले. २२ ऑगस्ट १९६४ च्या यादीत गाणे पहिले होते. पाठोपाठ ‘बेबी लव्ह’ पहिले आले. १९ डिसेंबरला ‘कम सी अबाउट मी’ही पहिले आले.

म्हणजे टीव्हीच्या सर्वांत मोठ्या मंचावर पाऊल ठेवण्याआधीच तीन गाणी शिखरावर पोचली होती. ती तिथे नेली रेडिओने, बसच्या प्रवासाने आणि हॉलंड-डोझियर-हॉलंड या गीतकार-संगीतकार त्रयीने. पडद्याचे काम इथून पुढे सुरू होते.

रविवारी रात्री आठ वाजता

‘एड सलिव्हन शो’ म्हणजे काय, हे समजायचे तर आपल्याकडचे १९८७-८८ चे दिवस आठवावेत. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की रस्ते ओस पडत आणि ज्यांच्या घरी टीव्ही, त्यांच्या घरी अख्खी आळी जमे. अमेरिकेत १९६० च्या दशकात दहापैकी नऊ घरांत टीव्ही होता आणि देशव्यापी वाहिन्या मोजून तीन. सीबीएस वाहिनीवर रविवारी रात्री आठ वाजता सलिव्हनचा कार्यक्रम लागे. सलिव्हन मूळचा वर्तमानपत्रातला स्तंभलेखक. मंचावर ठोकळ्यासारखा उभा राही, गाणे नाही की नाच नाही. पण त्याच्या एका तासात कसरतपटू, विनोदवीर, ऑपेरा गायक, बोलक्या बाहुल्या आणि तरुणांचे आवडते गायक असे सगळे एका पंगतीला बसत. आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर तो एकत्र पाही. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स प्रथम तिथे गायले, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिले, असे सांगतात.

२७ डिसेंबर १९६४ ला सुप्रीम्स या मंचावर आल्या आणि ‘कम सी अबाउट मी’ गायल्या. आदल्या दिवसाच्या तारखेच्या यादीत बीटल्सच्या ‘आय फील फाइन’ने या गाण्याला पहिल्या क्रमांकावरून खाली ढकलले होते. एकदा उतरलेले गाणे सहसा उतरतच जाते. इथे उलटे घडले. तीन आठवड्यांनी, १६ जानेवारी १९६५ च्या यादीत गाणे पुन्हा पहिल्या जागी होते. हे सारे एका रात्रीमुळे झाले, असे कोणी म्हणणार नाही. रेडिओ वाजतच होता, दुकानात माल होताच. पण त्या मधल्या दिवसांत लक्षावधी घरांनी या तिघींचे चेहरे प्रथमच पाहिले होते, हेही खरे.

चेहरा पाहणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. रंगभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा जुलै १९६४ मध्ये, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांपूर्वी झाला होता. कृष्णवर्णीय गायकांच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचा फोटो टाकला तर गोऱ्या वस्तीतला दुकानदार ती मांडेल का, ही धास्ती मोटाऊनलाही होती. मार्व्हलेट्स या त्यांच्याच मुलींच्या गटाच्या १९६१ च्या एलपीवर मुलींऐवजी टपालपेटीचे चित्र होते. आयस्ली ब्रदर्सच्या १९६६ च्या एलपीवर तर चक्क एक गोरे जोडपे समुद्रकिनारी बसलेले दाखवले होते. टीव्हीवर असे झाकण घालता येत नव्हते. सलिव्हनने पुरस्कर्त्यांची आणि दक्षिणेतल्या प्रेक्षकांची नाराजी पत्करून पहिल्यापासून कृष्णवर्णीय कलावंतांना मानाने बोलावले, हे त्याचे श्रेय.

पडद्याच्या या बाजूलाही काही घडत होते. ओप्रा विन्फ्री त्या डिसेंबरात दहा वर्षांची होती. सुप्रीम्सना टीव्हीवर पाहून आपण कशा थक्क झालो आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या बायका इतक्या डौलदार असू शकतात हे प्रथमच कसे कळले, ते तिने पुढे अनेकदा सांगितले आहे. आपली माणसे टीव्हीवर आली की एकमेकांना फोन करून कळवायचे, अशी कृष्णवर्णीय घरांतली तेव्हाची रीत होती.

चालावे कसे, उभे राहावे कसे

हा डौल आपोआप आलेला नव्हता. मोटाऊनने आपल्या कलावंतांसाठी जणू एक शाळाच काढली होती. मॅक्सीन पॉवेल या बाई चालणे, बसणे, हात देणे, मुलाखतीत बोलणे शिकवत. आपल्याला राजेरजवाड्यांपुढे गायचे आहे, हे लक्षात ठेवूनच वागा, असा त्यांचा धाक असे. चोली अ‍ॅटकिन्स पदन्यास बसवत, मॉरिस किंग गाण्यांची बांधणी पाहत.

‘स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह’ या गाण्यात थांबण्याची खूण करीत हात पुढे करण्याची लकब अशीच टीव्हीसाठी जन्मली. मार्च १९६५ मध्ये लंडनला मोटाऊनच्या खास कार्यक्रमाचे चित्रीकरण चालू होते. गाण्याला हालचाल बसवलेलीच नव्हती. तेव्हा टेम्प्टेशन्स या पुरुष गटातल्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रसाधनगृहात जाऊन या मुलींना ती खूण ऐन वेळी शिकवली! गाणे तीन मिनिटांत संपते, पण तो हात डोळ्यांसमोरून हलत नाही. अमेरिकेत हे गाणे २७ मार्च १९६५ ला पहिले आले. जूनमध्ये ‘बॅक इन माय आर्म्स अगेन’ आले आणि सलग पाच गाणी शिखरावर नेण्याचा पराक्रम पुरा झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सलिव्हनचा कार्यक्रम रंगीत झाला. सुप्रीम्सचे टिकल्यांचे चमचमते झगे आता खऱ्या अर्थाने चमकू लागले. गॉर्डी त्यांच्याकडून टीव्हीवर नवे गाणे तर गाऊन घेईच, जोडीला ब्रॉडवेच्या नाटकांतली जुनी लोकप्रिय गाणीही ठेवी. हेतू उघड होता. एकेका गाण्याची छोटी रेकॉर्ड मुले खाऊच्या पैशांतून घेत, पण महागडी एलपी घेणारे पाकीट आईवडिलांचे. आईवडील रविवारी रात्री पडद्यासमोर होतेच. ऑक्टोबर १९६६ मध्ये ‘द सुप्रीम्स ए गो-गो’ ही एलपी बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ला बाजूला सारून एलपींच्या यादीत पहिली आली. केवळ स्त्रियांच्या गटाची एलपी तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ.

पडदा आणि यादी

टीव्हीवर गाणे झाले म्हणून बिलबोर्डच्या यादीत एकही गुण मिळत नसे. यादीला माहीत फक्त दुकान आणि रेडिओ. मग परिणाम होई कसा? रविवारी रात्री गाणे दिसे. सोमवारी शाळेत, कारखान्यात त्याची चर्चा. मागणी रेडिओ केंद्रांकडे जाई, गिऱ्हाईक दुकानात जाऊन रेकॉर्ड मागे. त्या क्षणी दुकानात माल नसेल तर सगळे मुसळ केरात! त्यामुळे पडद्यावरची तारीख आणि रेकॉर्ड बाजारात येण्याची तारीख यांची सांगड घालणे ही मोटाऊनची खरी कारागिरी होती.

‘लव्ह चाइल्ड’ हे याचे नमुनेदार उदाहरण. १९६८ साल सुप्रीम्सला जड जात होते. हॉलंड-डोझियर-हॉलंड मोटाऊनमधून बाहेर पडले होते आणि उन्हाळ्यातले गाणे तिसाव्या क्रमांकाच्या वर सरकले नाही. गॉर्डीने काही लेखकांना एका हॉटेलात एकत्र बसवून नवे गाणे लिहवून घेतले. विषय धीट होता. लग्नाबाहेर जन्मलेली, गरिबीत वाढलेली मुलगी आपल्या प्रियकराला सांगते, की आपल्या वाट्याला आले ते दुसऱ्या लेकराच्या वाट्याला येऊ द्यायचे नाही. २९ सप्टेंबर १९६८ च्या रविवारी, सलिव्हनच्या नव्या मोसमाच्या पहिल्याच कार्यक्रमात हे गाणे देशाने प्रथम पाहिले. झगमगते झगे बाजूला ठेवून गायिका साध्या कपड्यांत आल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी रेकॉर्ड बाजारात! ३० नोव्हेंबरच्या यादीत नऊ आठवडे ठाण मांडून बसलेल्या बीटल्सच्या ‘हे ज्यूड’ला खाली उतरवून ‘लव्ह चाइल्ड’ पहिले आले.

त्यानंतर ९ डिसेंबरला एनबीसी वाहिनीवर सुप्रीम्स आणि टेम्प्टेशन्स यांचा ‘टीसीबी’ हा तासाभराचा कार्यक्रम झाला. त्याच्याच गाण्यांची एलपी फेब्रुवारी १९६९ मध्ये एलपींच्या यादीत पहिली आली. इथे तर टीव्हीचा कार्यक्रम हीच रेकॉर्ड होती.

पण प्रत्येक वेळी हे गणित जमले असते, तर कोणतीच कंपनी बुडाली नसती. ‘आय अ‍ॅम लिव्हिन इन शेम’ हे पुढचे गाणेही ५ जानेवारी १९६९ ला त्याच मंचावर, त्याच थाटात प्रथम सादर झाले. पण ते दहाव्या क्रमांकावर थांबले. इंग्लंडमध्येही १९६५ च्या वसंतातल्या मोटाऊनच्या दौऱ्यात नाट्यगृहे अर्धी रिकामी राहिली. लंडनला चित्रित झालेला तो खास कार्यक्रम प्रसारित झाला दौऱ्याची गावे आटोपल्यावर, एप्रिलच्या शेवटी. तिकीट खिडकीला त्याचा काय उपयोग? पडदा गाण्याला घरात आणून सोडतो. ते घरात राहायचे की नाही, ते गाण्यावर असते.

कॅमेरा कोणाकडे?

आता या यशाची दुसरी बाजू. गट फ्लॉरेन्सच्या पुढाकाराने उभा राहिला होता. तिचा आवाज तिघींत भारी, भरदार. पण रेडिओवर आणि टीव्हीच्या लहानशा स्पीकरवर डायनाचा पातळ, टोकदार आवाज चटकन उठून येई आणि १९६४ पासून मुख्य आवाज तिचाच ठरला. रेकॉर्डवर तरी तिघी कानांना सारख्याच अंतरावर असतात. टीव्हीवर तसे नसते. मुख्य गायिका वेगळ्या मायक्रोफोनपुढे, बाकी दोघी बाजूला एका मायक्रोफोनवर. कॅमेरा जवळ जाणार तो मुख्य गायिकेच्या डोळ्यांजवळ. दर कार्यक्रमागणिक एक चेहरा मोठा होत गेला आणि दोन चेहरे मागे सरकत गेले.

फ्लॉरेन्सला हे सहन झाले नाही. ती खचली, मद्याच्या आहारी गेली, कार्यक्रम चुकवू लागली. जुलै १९६७ मध्ये तिला गटातून बाहेर पडावे लागले आणि सिंडी बर्डसाँग तिच्या जागी आली. त्याच सुमारास गटाचे नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ झाले. १९६८ साली फ्लॉरेन्सने दुसऱ्या कंपनीकडून एकटीने गायलेल्या रेकॉर्ड काढल्या, त्या चालल्या नाहीत. शेवटच्या काळात तीन मुलींच्या या आईला सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले. २२ फेब्रुवारी १९७६ ला ती हृदयविकाराने गेली, तेव्हा ती अवघी बत्तीस वर्षांची होती.

पडद्याने आणखी एक गोष्ट झाकली. ‘लव्ह चाइल्ड’ गाताना टीव्हीवर डायनाच्या शेजारी मेरी आणि सिंडी दिसतात. पण रेकॉर्डवर त्या दोघींचा आवाज नाहीच! मागचे सूर आहेत अँडान्टेस या मोटाऊनच्या पगारी गायिकांचे: जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लुव्हेन डेम्प्स. मोटाऊनच्या असंख्य गाण्यांत त्यांचे आवाज आहेत, रेकॉर्डच्या वेष्टनावर नावे मात्र नाहीत. ‘समडे वुई विल बी टुगेदर’ या डायनाच्या काळातल्या शेवटच्या गाण्याचेही तसेच; त्यातही मेरी-सिंडी नाहीत. देश ज्यांना पाहत होता त्या गात नव्हत्या आणि ज्या गात होत्या त्यांना कोणी पाहत नव्हते.

२१ डिसेंबर १९६९ ला सलिव्हनच्या मंचावर हे गाणे गाऊन डायनाने टीव्हीवर गटाचा निरोप घेतला. २७ डिसेंबरच्या यादीत ते पहिले होते. बारावा आणि अखेरचा पहिला नंबर. पुढे जीन टेरेल मुख्य गायिका झाली. १५ फेब्रुवारी १९७० ला नव्या सुप्रीम्स त्याच मंचावर उभ्या राहिल्या आणि ‘अप द लॅडर टू द रूफ’ दहाव्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच वर्षीचे ‘स्टोन्ड लव्ह’ सातवे आले. १९७१ मध्ये सलिव्हनचा कार्यक्रम बंद झाला. साऱ्या घराला एकाच वेळी एका जागी बसवणारा तसा मंच पुन्हा मिळाला नाही. १९७७ मध्ये गटही संपला.

आज घरातले लेकरू गायला लागले, की आपण हौसेने मोबाइल समोर धरतो, स्पर्धेच्या कार्यक्रमात पाठवायची स्वप्ने पाहतो. त्यात गैर काही नाही. सुप्रीम्सची गोष्ट एवढेच सांगते, की त्या मोठ्या मंचावर जाण्याआधी या मुलींनी पाच वर्षे उमेदवारी केली होती, दुसऱ्यांच्या गाण्यांत टाळ्याही वाजवल्या होत्या. आणि हेही, की तीन जणी एकत्र गातात तेव्हा कॅमेरा तिघींना सारखा न्याय देत नाही. तो न्याय घरच्यांनी आणि सोबत्यांनी द्यावा लागतो.

१९८८ च्या जानेवारीत डायना, मेरी आणि फ्लॉरेन्स या तिघींची नावे रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सन्मानाने दाखल झाली. समारंभाला डायना आली नाही. सन्मान स्वीकारायला मेरी विल्सन व्यासपीठावर गेली, तेव्हा तिच्या सोबत फ्लॉरेन्सची मुलगी होती.